उंच केलेली गाडी

शिरगावला आमच्या खाली राहणारे काका बोलण्याआधी गाडीच्या टायरवर चपलेने टकटक करतात. त्यांनी आपली जुनी डिझेल गाडी कॅम्प चार भागातल्या एका गॅरेजात उंच करून घेतली, जाड टायर लावले, टपावर तंबू बसवला. "नदी पण पार करेल," असं ज्याला त्याला सांगायचे.

दोघं सहलीला निघायच्या दिवशी काकू डबे घेऊन खाली आल्या, पण पाय काही गाडीच्या पायरीपर्यंत पोचेना. "तुम्ही जाऊन या," म्हणत त्या परत फिरल्या. काकांनी गाडीला कुलूप लावलं आणि तेही मागोमाग गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडी पुन्हा होती तेवढी खाली उतरवून आणली.

"आता नदी कशी पार करणार?" मी विचारलं.

टायरवर टकटक झाली. "अलीकडेच थांबू की. हिला पाण्यात पाय सोडून बसायला आवडतं."