बस्त्याची गाठ

आमच्या घरात माशाचं मुंडकं कुणाच्या ताटात जायचं, हे वयावर नाही, गाठीवर ठरायचं. ज्यानं गळाला दोरी बांधली, त्याचं मुंडकं. मासा ओढला कुणी, चिरला कुणी, याला किंमत नाही. हा नियम बाबांचा. घरातल्या सगळ्या गाठी बाबाच मारत असल्यामुळे मुंडकंही आयुष्यभर त्यांनीच खाल्लं. लहानपणी मला हा शुद्ध लबाडीचा कायदा वाटायचा. आईला तसं म्हटलं की ती म्हणायची, "मंग तू शिक ना गाठ मारनं. तुले कोनं अडवलं?"

अडवलं बाबांनीच होतं. मी बांधलेला गळ ते दोन बोटांत धरून झटका द्यायचे आणि तो निघून आला की समाधानानं मान हलवायचे.

बाबा आदिलाबादला तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत होते. तिथं जुन्या मिसली, म्हणजे कागदांच्या फायली, लाल फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, त्याला बस्ता म्हणतात. बस्त्यावर सुती दोरीचे दोन वेढे, मग दोरीचा फास आतून दाबून घ्यायचा. मिसल मागितली की टोक ओढायचं, गाठ मोकळी. बाबांना ही एकच गाठ यायची आणि ती त्यांनी कुठं वापरली नाही ते विचारा. पांघरुणांचं गाठोडं, माझं शाळेचं दप्तर, आईची मिरच्यांची पिशवी, सगळ्यांना तीच. गळाला बांधताना फास पूर्ण ओढून घ्यायचे, एवढाच फरक. सुती दोरी खरबरीत असते, ओली झाली की फुगते आणि स्वतःलाच चावून धरते. त्यामुळे बाबांची गाठ कधी सुटली नाही, आणि बाबांची खात्री झाली की यात करामत गाठीची आहे.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं आलं, पण डाव्या हाताच्या बोटांत जीव राहिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की बोटं चालवत राहा, नाहीतर आहे तेही जाईल. पिळायला एक रबरी चेंडू दिला. बाबा तो खिडकीत ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोज शाळेतून परतताना मी तिथं डोकवायची आणि चेंडू जागेवरच दिसला की माझं डोकं फिरायचं. शेवटी म्हटलं, चला बाबा, रविवारी धरणावर जाऊ. त्या दिवशी बरेच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून चपला शोधल्या.

गळांचा डबा उघडला तर सुती दोरी दमटपणानं कुजून गेली होती. नवी मिळेना. बाजारात सगळीकडे तंगूस, ती पारदर्शक नायलॉनची दोरी. मी तीच आणली. बाबांनी उजव्या हातानं आणि दातांनी, अर्धा तास खपून, तिला बस्त्याची गाठ मारली. मी मदतीला हात पुढं केला तर असं बघितलं की मी हात मागं घेऊन पर्सच्या चेनशी खेळत बसले.

धरणावर दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर डुलत होता, तो बुडाला. बाबांनी काठी उचलली, काठी वाकली आणि लगेच सरळ झाली. गळासकट मासा गेला. पुढच्या रविवारी तेच. "चायना माल हाय," बाबा म्हणाले, "तुटून राह्यला."

मी दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं. तंगूस तुटली तर टोक सरळ राहतं. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होतं. म्हणजे दोरी तुटली नव्हती, गाठ सुटली होती. बाबांना न सांगता मी ते टोक कापून पर्समध्ये टाकलं.

काठावर एक बाई जाळं सांधत बसायची. निम्मं तेलुगू, निम्मं आमच्यासारखं बोलायची. बाबा लिंबाखाली टेकले होते तेव्हा मी तिला ते कुरळं टोक दाखवलं. ती हसली. "अक्का, हे कापसाची दोरी नाई. तंगूस गुळगुळीत हाय, धरत नाई." तिनं गळाच्या डोळ्यातून तंगूस ओवली, मूळ दोरीभोवती पाच वेढे दिले, टोक गळाजवळच्या बारीक फटीतून काढलं आणि मग मोठ्या फासातून. ओढण्याआधी गाठ तोंडात धरून ओली केली. "सुकी ओढली तर गरम होते, जळते. थुक लाव, मग हळू ओढ." मी शाळेत गणित शिकवते. पाच म्हणजे पाच, हे मला लगेच पटलं.

मग मी जे केलं ते चोरीच होतं. दर शनिवारी संध्याकाळी मी डबा घरी न्यायची, गळांचा गंज काढते म्हणून. बाबांच्या गाठी कापून पाच वेढ्यांच्या मारायची आणि डबा गपचूप परत ठेवायची. त्यांनी ओळखू नये म्हणून गाठीबाहेरचं टोक त्यांच्यासारखं लांब ठेवायची. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

ही चोरी सुरू झाल्यावर तिसऱ्या रविवारी मरळ लागली. हाताच्या कोपरापर्यंत लांब, काळी, चिडलेली. बाबांनी एका हातानं काठी धरली, मी मागून त्यांचा शर्ट धरला आणि आम्ही दोघं नि ती मरळ अशा तिघांनी बराच वेळ ओढाताण केली. मासा चिखलात येऊन पडला तेव्हा बाबा मोठ्यानं हसले. लकव्यानंतर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मग गळ काढायला ते खाली वाकले आणि गाठ बोटांनी चाचपत वाकूनच राहिले.

घरी आलो. आईनं रस्सा केला आणि रिवाजाप्रमाणे मुंडकं त्यांच्या ताटात वाढलं. बाबांनी ते उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"गाठ तुही हाय."

"कोणाची का असेना, खा ना बाबा."

"म्या मारलेली गाठ कापली तू. दर शनवारी कापत होती." मग आईकडं वळून म्हणाले, "मले वरन वाढ."

मला आधी राग आला. इतकी धडपड कुणासाठी केली होती? मग ताटातल्या मुंडक्याकडं बघताना लाज वाटायला लागली आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही. मुंडकं तसंच राहिलं. आई एवढंच म्हणाली, "काऊन केलं माय तू असं?"

त्यानंतर बाबांनी धरणाचं नाव टाकलं. चेंडूही खिडकीतून हलेना. चार रविवार गेले, आणि डावा हात मांडीवर अधिकच निपचित दिसायला लागला.

त्या दिवसांत मी स्टाफरूममध्ये डावा हात ओढणीत बांधून बसायची आणि उजव्या हातानं नि दातांनी गाठी मारून बघायची. पाच वेढ्यांची गाठ एका हातानं होत नाही, वेढे उलगडत जातात. तेलुगूच्या मॅडमनी विचारलं की हाताला काय झालं. मी म्हटलं, वडिलांचा हात आहे.

शेवटी एक गाठ सापडली. दोरी दुहेरी करून डोळ्यातून ओवायची, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ घालायची, राहिलेल्या फासातून अख्खा गळ काढायचा, ओली करून ओढायची. मोजायचे वेढेच नाहीत. पण तंगूस ताठ, दुहेरी केली की उसळून उघडते. मऊ, विणलेली दोरी आणली तर ती मुकाट दुमडली. मोठ्या डोळ्याचे गळही आणले. दोरी बघून गाठ निवडतात. मी हात बघून गाठ निवडली आणि गाठ बघून दोरी.

ते सगळं बाबांसमोर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, तंगूस तुटत नव्हती. तुमची गाठ सुटत होती. मला दुसऱ्या रविवारीच कळलं होतं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी दोरी चाचपून पाहिली. "मले बी मालूम होतं," म्हणाले. "टोक कुरळं होतं."

मी कपाळाला हात लावला. बाबांनी पायातली रबरी चप्पल काढली, गळ तिच्या तळात टोचून उभा केला आणि म्हणाले, "दाखव. एकदाच. अन् हात लावू नको."

एकदाच दाखवली. त्यांना जमायला आठ दिवस लागले. सैल गाठ पडताना दोरी दाबून धरायला काहीतरी हवं होतं. पहिल्यांदा त्यांनी गुडघा वापरला, मग डाव्या हाताची मूठ नुसती वर ठेवली, मग एक दिवस त्या मुठीतला अंगठा हलला. मी पाहिलं आणि वही तपासायला घेतली.

रविवारी धरणावर तीन तासांत एकच मासा लागला. बोटभर. कुणी शहाण्या माणसानं तो परत सोडून दिला असता. बाबांनी गळ काढला, गाठ ओढून पाहिली आणि मासा रुमालात बांधला.

आईनं तो तळला. मुंडकं शेंगदाण्याएवढं. आमची जेवणं झाली, मी हात धुऊन आले, आई ताटं उचलायला लागली. बाबा ताटावर वाकलेलेच होते.

"झालं नाही का अजून?" आईनं विचारलं.

"थांब वं जराशीक," बाबा म्हणाले. "मुंडकं खाऊन राह्यलो."