तिसऱ्या बाकाचा फोम

फोमवर अंगठा दाबला की गादीमास्तरांना माणूस कळतो. खुर्चीचा मालक एका बाजूला कलतो की पाय वर घेऊन बसतो, हे ते न विचारता सांगतात. चाळीस वर्षं सोफे उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात गेली. त्यांच्या लेखी फोम दोनच प्रकारचा, जिवंत किंवा मेलेला.

त्या शुक्रवारी दुपारी ते चर्चमध्ये गुडघे टेकायच्या पट्ट्या दुरुस्त करत होते. बाकापुढे वीतभर उंचीवर एक फळी, तिच्यावर फोम आणि वरून रेक्झिन. रेक्झिन जागोजागी फाटलं होतं, म्हणून फादरांनी सगळ्याच पट्ट्या नव्या करायला सांगितल्या होत्या. मास्तरांनी शेवटच्या रांगेपासून पिना उपटायला घेतल्या. तिथे नेहमी बसणाऱ्या निवृत्त नर्सबाईंच्या कोपऱ्यातल्या फोमला हात लागला, तर त्याचा पिठासारखा भुगा झाला.

"ही बाई टेकत नाही, कोसळते," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

तिसऱ्या रांगेत खिडकीकडची जागा त्यांची स्वतःची. एकतीस वर्षांत रविवार चुकलेला नव्हता. रेक्झिन सोलून त्यांनी अंगठा दाबला. फोम टुणकन वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. आत्ताच दुकानातून आणल्यासारखा कोरा.

कारण उघड होतं. गुडघे पट्टीवर, पण बूड बाकाच्या कडेवर टेकलेलं. बाकाची कड तेवढ्याच जागी झिजून गुळगुळीत झाली होती.

एरवी ते हसून पुढच्या पट्टीकडे वळले असते. पण दुसऱ्या दिवसापासून मोठ्या माणसांसाठी प्रार्थनेचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि पहिला धडा फादरांनी मास्तरांवर सोपवला होता. त्यासाठी त्यांनी चार पानं टिपणं काढली होती.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा ते तो फोम मांडीवर घेऊन बसले होते.

"हे बघ. एकतीस वर्षांचा आहे."

"त्यात काय शोध लावलात? लग्न झाल्यापासून बघतेय. गुडघे देवापुढे, बाकी सगळं बाकावर."

त्यांनी शेजारची, तिची पट्टी दाबून पाहिली. "तुझाही काही मेलेला नाही हं."

"माझं त्याच्याशी भांडी घासताना चालतं. कालच चांगली कडाकडा भांडले."

"देवाशी? कशावरून?"

"तुमच्यावरून. म्हटलं, या माणसाच्या पोटात काहीतरी आहे आणि तो ओठ उघडत नाही. तुम्ही आपले अर्ज लिहा. वर मायना, मध्ये विनंती, खाली आमेन. शिक्का तेवढा मारायचा राहतो."

डबा ठेवून ती गेली. मास्तरांनी तो उघडला नाही. चर्चमध्ये कुणी नव्हतं. ते आपल्या जागी उघड्या फळीवर गुडघे टेकून बसले. या वेळी बूड उचललं. सगळं वजन गुडघ्यांवर आलं आणि मिनिटभरात कळ मांडीपर्यंत चढली.

"हे सर्वसमर्थ, दयाघन पित्या," त्यांनी सवयीने सुरुवात केली. पुढचे शब्द पाठ होते, पण त्यांना एकदम लाज वाटली. समोरच्याचं नाव ठाऊक नसल्यासारखा हा मायना. ते थांबले. उठावं असं दोनदा वाटलं.

मग ते म्हणाले, "उजवा हात थरथरतो. धंद्याचं दिवाळंच निघेल. पाच महिने झाले. सुई चटकन ओवता येत नाही, गिऱ्हाईक गेल्यावर ओवतो. डॉक्टरकडे गेलो नाही. भीती वाटते."

एवढंच. काही ऐकू आलं नाही, मनावरचं ओझंही उतरलं नाही. पण आपण बोललो ते कुणाशी तरी, ही खात्री त्यांना पहिल्यांदा वाटली. ते तसेच राहिले. आमेन म्हणायचं राहून गेलं.

फादर कधी आत आले, कळलं नाही. मास्तर फळी धरून कण्हत उठले आणि त्यांनी फोम पुढे केला. "हा माझा. उद्या मी काय शिकवणार?"

फादरांनी फोम दाबून पाहिला. "वेदीजवळची माझी पट्टी उघडलीत का?"

"अजून नाही."

"मग ती मी नसताना उघडा." ते हसले नाहीत. "उद्या येताय ना?"

"येईन. टिपणं आणणार नाही. हे एवढं सांगेन."

"पुरे आहे की."

मास्तरांनी पक्कड पिशवीत टाकली. काम अर्धंही झालं नव्हतं.

"आज इतक्या लवकर?" फादरांनी विचारलं.

"घरी एक गोष्ट सांगायची आहे. देवाला सांगून झाली," डबा उचलत मास्तर म्हणाले, "बायकोला सांगणं जास्त अवघड आहे."