फाटकावरची शकुन

शकुन अमरावतीच्या एका कॉलेजात शिपाई होती. नवरा देवमन तिथंच घंटा वाजवायचा. तो गेल्यावर त्याच्या जागेवर तिला घेतलं. अठरा वर्षं तिनं पोरींना पाणी पाजलं, चक्कर आलेल्यांना ऑटोत घालून घरी पोचवलं. परगावच्या पोरी तिला मावशी म्हणत आणि आईला सांगता येत नाही ते तिच्या कानात सांगत.

मागच्या जुलैत कॉलेजनं नियम काढला. मुलींनी बुरखा घालून यायचं नाही, जीन्सही नाही. मुलांच्या कपड्यांवर कागदात एक ओळ नव्हती. फाटकावर उभं राहायचं काम शकुनकडे आलं. मोठे बाबू म्हणाले, "बाईनं बाईले सांगितलं तं बरं दिसते, शकुनबाई."

पहिल्याच सकाळी धामणगावहून गाडीनं येणारी आचल अडकली.

"मावशी, गर्दीत चढा-उतराचं असते. ओढणी अडकते, म्हणून जीन्स घालतो मी."

"मले नोको सांगू, कागदाले सांग," शकुन म्हणाली आणि तिला परत पाठवलं.

मागोमाग परतवाड्याची सादिया आली. काळा बुरखा, खांद्याला पिशवी.

"काढ बाई तो."

"मावशी, माह्या अम्मीनं कधी घातला नाही. अब्बूनंही घाल म्हटलं नाही. मले आवडते, म्हणून घालतो."

शकुनला ते खरं वाटेना. पोर भीतीनं बोलते, कोणीतरी घालायला लावलंच असणार. लग्नानंतर डोक्यावर पदर घ्यायला लावताना आपल्याला तरी कोणी विचारलं होतं? तिला पोरीची दया आली. त्या दयेच्या भरातच तिनं हात पुढे केला.

"काढून टाक, मोकळी होशीन," म्हणत तिनं डोक्यावरच्या कापडाची पिन ओढली. कापड खाली पडलं.

समोरच्या चहाच्या टपरीवर पोरं उभी होती. एकानं शिट्टी मारली, दुसऱ्यानं मोबाईल वर धरला. सादिया दोन्ही हातांनी केस झाकून रस्त्यावरच खाली बसली. मग कापड उचलून कसंबसं गुंडाळलं आणि मागं न पाहता स्टँडकडे गेली.

ती पुन्हा आली नाही. पंधरा दिवस शकुन रोज परतवाड्याच्या एसटीची वाट पाहत होती. शेवटी एका रविवारी विचारत विचारत तिनं सादियाचं घर गाठलं.

सादियाचे वडील बाजारात संत्री विकत. कॉलेजातून आल्याचं ऐकून त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"पोरगी कोठी आहे?" शकुननं विचारलं.

"आत आहे. तुमचा आवाज आयकला, म्हणून येत नाही."

"भाऊ, मी तं तिले मोकळी करून राहिली होती."

ते म्हणाले, "बाई, मी तिले दहा डाव म्हटलं, शहरात जातं, कोणी काही बोलते, नोको घालू. तिनं आयकलं नाही. बाप असून मी जबरदस्ती केली नाही. तुमी केली."

चहा शेजारच्या पोरीनं आणून दिला. शकुननं तो तसाच खाली ठेवला. निघताना ती लोटलेल्या दाराशी थांबली. "माफ कर व माय," म्हणाली. दार लोटलेलंच राहिलं.

सोमवारी ती बाबूंपुढे उभी राहिली. "मले फाटकावर नोका ठेवू. माह्यानं होत नाही."

बाबूंनी मान वरसुद्धा केली नाही. तिला मागची बाथरूमं धुवायला लावलं. आचल आता सलवार-कुर्त्यात येते. तिथं हात धुताना शकुन समोर दिसली, तरी नळाकडे पाहत राहते. मावशी म्हणत नाही.

फाटकावर माणिकबाई नावाची नवी बाई ठेवली. तिची एकाही पोरीशी ओळख नाही. तिचं काम चांगलं चाललं आहे, असं बाबू म्हणतात.