दाल मिलमध्ये तपासलेला हेडसेट

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यांतल्या चुका शोधण्यासाठी. वाऱ्याने दार वाजते, तापलेले लाकूड थंड होताना कुरकुरते, अर्धवट झोपेत माणूस नसलेले आवाज ऐकतो... अशी काही ना काही उत्तरे मला सापडत. अमरावतीच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवले. आमच्या घरी बुद्धवंदना सोडली तर कुठलाही विधी होत नाही. अंगात येणे, बाहेरची बाधा यांना माझ्या वडिलांनीच घराबाहेर ठेवले होते. त्यामुळे पुढचे कोणाला पटावे असा माझा आग्रह नाही. जे घडले ते क्रमाने सांगते.

माझी मुलगी सायली वैमानिक आहे. अमरावतीजवळ तिने प्रशिक्षण घेतले आणि नंतर एका विमान कंपनीत तिची निवड झाली. रुजू होण्यापूर्वी तिला स्वतःचा हेडसेट हवा होता. वैमानिकाचा हेडसेट म्हणजे गाणी ऐकण्याचा हेडफोन नव्हे. नियंत्रण कक्षाचा प्रत्येक शब्द त्यातून ऐकायचा असतो, आणि तोही इंजिनाच्या अखंड घरघरीत. म्हणून त्यात आवाज कापण्याची सोय असते. कानावरच्या वाटीत एक बारीक माइक बसवलेला असतो. तो घरघर टिपतो आणि यंत्र तिच्या नेमकी उलट लहर तयार करून कानात सोडते. दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात व घरघर विरते. मात्र हे फक्त एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाला लागू पडते. अचानक आलेली हाक किंवा आरोळी अशी खोडली जात नाही. पण वाटीची जाड गादी तीही बरीच अडवते.

यातून एक साधा नियम निघतो. शांत दुकानात बसून असा हेडसेट निवडू नये. तिथे सगळेच चांगले वाटतात. तपासायचा तर गोंगाटात, रोजचा चष्मा डोळ्यांवर ठेवून, आणि चांगला तासभर. चष्म्याच्या काडीमुळे गादी उचलली जाते व त्या फटीतून आवाज आत येतो. सायलीला चष्मा आहे.

आमच्यापुढे दोन हेडसेट होते. एक नवा, हलका, तिच्या एका प्रशिक्षकांनी पारखण्यापुरता दिलेला. दुसरा अनिकेतचा.

अनिकेत गावंडे हा सायलीचा सीनियर, अकोल्याचा. त्या मुलांमध्ये एक पद्धत आहे. पुढे गेलेला आपला हेडसेट मागच्याला देतो, आणि घेणारा तो नाकारत नाही. अनिकेतने सायलीला तसा शब्द दिला होता. त्यानंतर सुट्टीवर घरी येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. हेडसेट होस्टेलच्या खोलीत राहिला होता. तो सामानाबरोबर घरी आला. सायलीची निवड झाल्याचे कळताच त्याच्या वडिलांचा, प्रल्हादभाऊंचा, मला फोन आला.

"मॅडम, पोट्टं गेलं. पण त्याचा हेडफोन तरी इमानात गेला पाहिजे. सायलीले घेऊन या."

मी त्यांना माझा गोंगाटाचा नियम सांगितला. ते म्हणाले, "मंग आमच्या मिलपेक्षा बेस जागा कोन्ती?"

त्यांची अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत तुरीची दाल मिल आहे. आम्ही दोघी सकाळच्या गाडीने गेलो. मिल चालू होती. तूर भरडणाऱ्या यंत्रांची घरघर पायांच्या तळव्यांतून वर चढत होती आणि हवेत पिवळा भुसा तरंगत होता. प्रल्हादभाऊ घरघरीवर आवाज चढवून हसत म्हणाले, "अठी बायकोनं शिव्या देल्ल्या तरी मले आयकू येत नाई!"

त्यांच्या पत्नी शोभाताई चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "म्हणून मी घरी देतो. तवा बरोब्बर आयकू येतात यायले."

मुलगा जाऊन वर्ष झाले नव्हते. ते दोघे हसले, आणि लगेच दोघांनीही नजरा वळवल्या.

पहिल्यांदा सायलीने दोन्ही हेडसेट आलटून पालटून लावले. नवा तिला हलका वाटला. अनिकेतच्या हेडसेटची पकड जास्त घट्ट होती, पण घरघर त्यातही चांगली कापली जात होती. मग मी अनिकेतचा हेडसेट लावून बटण दाबले. मिल एकदम दूर गेली, मधे भिंत उभी राहावी तशी. आणि त्या उरलेल्या शांततेत मला श्वास ऐकू आला.

झोपलेल्या माणसाचा संथ, भरलेला श्वास. सोडताना शेवटी नाकातून बारीक शीळ वाजायची.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. कान झाकले की आपलाच श्वास मोठा वाटतो. मी श्वास रोखून धरला. कानातला श्वास चालू राहिला. विमानाला जोडल्याशिवाय या हेडसेटचा बोलण्याचा माइक चालत नाही आणि बाहेरचा शब्दही त्यात येत नाही. दोन सेलवर चालते ते फक्त आवाज खोडणारे यंत्र. त्याच्या दोन्ही पिना माझ्या हातात मोकळ्या होत्या. ब्लूटूथ त्यात नाही. नवा हेडसेट लावून पाहिला तर त्यात काहीच नाही. अनिकेतचा घेऊन बाहेरच्या ऑफिसमध्ये गेले, तिथेही काही नाही. यंत्रांजवळ परत आले, आणि श्वास पुन्हा सुरू. वाटीत मोबाइल धरून रेकॉर्डिंग केले. त्यात फक्त घरघर आली.

"आई, काय झालं? पांढरी पडलीस तू," सायली म्हणाली. तिने पुन्हा लावून पाहिला. "मला तर काहीच येत नाही."

मी काही बोलणार एवढ्यात प्रल्हादभाऊंनी तो तिच्या हातातून घेतला आणि डोक्यावर चढवला. ते यंत्राकडे तोंड करून उभे होते. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"अनू निजला हाये," ते म्हणाले. मग शोभाताईंकडे वळले. "नाकाचं हाड वाकडं होतं ना त्याचं... तशीच शिट्टी वाजून राहिली पाय."

शिळेबद्दल मी तोवर कोणालाही एक अक्षर सांगितले नव्हते.

शोभाताईंनी जवळजवळ ओढूनच तो हेडसेट घेतला. दोन्ही हातांनी वाट्या कानांवर दाबल्या, डोळे मिटले. आम्ही तिघे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. शेवटी त्यांनी तो काढला.

"मले काहून नाई येत?" त्यांनी मला विचारले. "माहा नाई का तो?"

प्रल्हादभाऊंनी हेडसेट त्यांच्या हातातून परत घेऊन छातीशी धरला. ते सायलीला म्हणाले, "माफ कर बाई. आता मी हा देऊ शकत नाई."

"काका, देऊच नका," सायली म्हणाली. तिने नवाच विकत घेतला. तोच लावून ती आज विमान चालवते, आणि त्याबद्दल तिची काहीही तक्रार नाही.

परतीच्या गाडीत मी सगळ्या शक्यता पुन्हा तपासल्या. दोन माणसांना एकच भास, तोही एकाच तपशिलासह, कसा व्हावा? आणि झाला तर जन्मदात्या आईला का होऊ नये?

त्यानंतर शोभाताई मला अधूनमधून फोन करत. प्रल्हादभाऊ रोज जेवण झाले की मिलमध्ये खुर्ची टाकून, हेडसेट लावून बसू लागले होते. घरात ऐकू येत नसे, घरघर लागे. म्हणून यंत्रांच्या शेजारीच. संध्याकाळी घरी आले की ते शोभाताईंना सांगत : आज गाढ झोपला होता, आज कूस बदलल्यासारखं वाटलं. शोभाताई म्हणाल्या, "मी आयकत बसतो मॅडम. तेवढंच माह्या वाट्याले."

पण त्यांना काळजीही होती. दाल मिलचा मालक कानांनी मिल चालवतो. पट्टा सैल झाला, बेअरिंग कोरडे पडले, दाणा अडकला, हे प्रल्हादभाऊंना पाठमोरे असतानाही कळत असे. तेच कान आता ते झाकून बसत होते. शोभाताईंच्या सांगण्यावरून मी मुद्दाम अकोल्याला गेले. प्रल्हादभाऊंना तुरीच्या पोत्यांच्या थप्पीलगत बसलेले पाहिले. विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले की हा हेडसेट घरघर खोडतो, पण गादीमुळे माणसाची हाकही दबते. चालू मिलमध्ये हे धोक्याचे आहे. निदान एक कान उघडा ठेवा.

"एका कानानं तो बराबर नाई येत," ते म्हणाले. "मॅडम, जिंदगीभर मशीन आयकली. आता पोट्ट्याले आयकू द्या."

तुरीचा हंगाम सुरू झाला. मिलमध्ये पोत्यांची आवक वाढली, थप्प्या छताला भिडल्या. एका दुपारी त्यांतली एक झुकली. हमालांनी पाहिले. "शेठ, सरका! शेठ!" म्हणून सगळे एकदम ओरडले. प्रल्हादभाऊ डोळे मिटून बसले होते. थप्पी त्यांच्यावर आली. पोती उपसून त्यांना बाहेर काढले तेव्हा हेडसेट डोक्यावरच होता, आणि त्याला साधा ओरखडाही नव्हता.

तेरवी आटोपल्यावर शोभाताईंचा फोन आला. "मॅडम, तुमाले येते आयकू. या."

मी गेले त्या दिवशी मिलला सुट्टी होती. त्यांनी माझ्यासाठी एक यंत्र चालू करायला लावले. रिकामे यंत्र जास्तच खडखडत होते. त्यांनी हेडसेट स्वतःच्या पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मला तो लावायचा नव्हता. पण त्या समोर उभ्या होत्या, आणि त्या घरात आता त्यांना मुलाबद्दल सांगणारे कोणी उरले नव्हते. मी तो लावला, बटण दाबले. घरघर मागे हटली.

श्वास होता. एकच. जड, थांबत थांबत येणारा, घशात भुसा अडकल्यासारखा खरखरणारा. वयस्क माणसाचा. मी शिळेची वाट पाहिली. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी कान देऊन वाट पाहिली. शीळ नव्हती. दुसरा श्वास त्याच्या मागेपुढे कुठेच नव्हता.

शोभाताई माझ्या ओठांकडे पाहत होत्या. मी हेडसेट काढल्यावर त्यांनी विचारले, "हे हायेत?"

"आहेत," मी म्हणाले.

"आन् अनू?"

यंत्र चालूच होते. मी मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "आहे. दोघेही आहेत. झोपले आहेत."

शोभाताई पोत्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. मग म्हणाल्या, "मंग बरं हाये. सोबत हाये एकमेकायले."

यातल्या कशाचेही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मृत माणसाचा श्वास आवाज खोडणाऱ्या यंत्रात का यावा, तो दोघांनाच का ऐकू यावा, आणि वडील आले तेव्हा मुलगा कुठे गेला — या तिन्ही प्रश्नांपुढे माझे सगळे विज्ञान थांबते. शोभाताई मिल विकायला तयार नाहीत. त्यांनी मला येत्या रविवारी पुन्हा बोलावले आहे. अनूची झोप कशी आहे ते ऐकून सांगा, म्हणाल्या. मी जाणार आहे. यावेळी काय ऐकू येईल ते मला माहीत नाही. काय सांगायचे ते मात्र मी आत्तापासूनच जुळवत बसले आहे.