पंचफुला उठेना

आमच्या पंचफुला आत्याला बसल्या जागेवरून उठवणं लहानपणापासूनच कठीण. पंगतीत बसली की बुंदी संपल्याशिवाय उठायची नाही. पण एकोणऐंशीच्या सव्वीस जानेवारीला ती बसली, ते अख्ख्या पंचक्रोशीनं पाहिलं.

गावच्या पटांगणावर मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता, आमच्या मुली विरुद्ध नाचणगावच्या. आत्या आमची कप्तान. पंधरवड्यावर तिचं लग्न आलेलं, आणि लग्नानंतर सून मैदानात पळते हे कोणी ऐकलं नव्हतं. म्हणजे हा शेवटचाच सामना. होणारी सासू देवकाबाईही आली होती. खेळ बघायला की सून तपासायला, देव जाणे.

खो-खोचा नियम कडक. आठ जणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, नववी पळते. तिनं पाठीवर थाप मारून 'खो' म्हटल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही, आणि खो देणारीनं तिच्या जागी बसायचं. आमच्या मुली अशा बसल्या आणि सामने भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष मधुकरराव भाषणाला उभे राहिले. कापसावर बोलले, पोरांच्या कबड्डीवर बोलले, स्वतःवर तर फारच बोलले. दिवस मावळायला आला. मग म्हणाले, "आता पोरींच्या खेळाले टाइम नाई. कप चिठ्ठी टाकून देऊ. चला, राष्ट्रगीत!"

सगळे उठले. आमची ओळ उठली नाही. पळणारी नलू तेवढी उभीच होती. ती आठ जणींच्या वाटचंही गायली, बेसूर पण खणखणीत.

गीत संपताच मधुकरराव धोतर सावरत धावले. "लाज नाई वाटत? चौघींनी तं झेंड्याले पाठ केली!"

"ते खेळातच तसं हाय, काकाजी," आत्या म्हणाली. "गाणं आमचंबी हाय. पण उभ्या राह्यलो असतो तं तुमी टाळ्या वाजवून घरी गेले असते. आमचा खेळ द्या."

"पह्यले उठा!"

"खो भेटल्याबिगर उठलं तं फाऊल होते."

पटांगण हसून लोटपोट झालं. मला विचाराल तर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मधुकरराव लालबुंद झाले. तेवढ्यात बायकांतून देवकाबाई उठली. आता लग्न मोडलं, असं आजीनं धरूनच टाकलं. देवकाबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, आत्याच्या मागे जाऊन पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

आत्या सुसाट सुटली, नलू हसत रेषेबाहेर झाली. पंचानं सवयीनं शिट्टी फुंकली. सामना सुरू झाला, आणि तो थांबवायची मधुकररावांची छाती झाली नाही.

आम्ही सपाटून हरलो. देवकाबाई नियमाप्रमाणे आत्याच्या जागी बसली होती. तिला तीनदा खो मिळाला, पण गुडघ्यांनी काही तिला उठू दिलं नाही.

लग्नानंतर आत्या सासरीही कितीतरी वर्षं खेळली. चुलीपुढे भाकरी थापत असली आणि पटांगणावर शिट्टी वाजली, की देवकाबाई मागून येऊन तिच्या पाठीवर थाप मारायची. "खो!" म्हणायची आणि तिच्या जागी बसून उरलेल्या भाकरी थापायची.