अर्जदार एकटा जेवतो

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना ठसका लागेल आणि पाठ मलाच चोळावी लागेल. माझ्या हातून झालेला हा घोळ माझ्या वयाला शोभणारा नाही, एवढं आधीच कबूल करून टाकतो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. लोकांचे हजारो अर्ज घेतले, शिक्के मारले, पुढे ढकलले. स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एकच अर्ज केला, तोही भलत्याच पेटीत टाकला!

त्याचं असं झालं. मी निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत नंदा गेली. नंदा म्हणजे माझी बायको. मुलगी बेंगळुरूला. खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत उरलो मी आणि टीव्ही. टीव्ही बोलतो खूप, पण ऐकत नाही हो. मुलीनं फोनवरून फर्मान काढलं, बाबा, काहीतरी शिका. आणि माझ्या होकाराची वाट न बघता फॉर्मही भरून टाकला.

कर्नाळ्याकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक छोटंसं ख्रिस्ती विद्यापीठ आहे. तिथे समुपदेशनाचं एम.ए. समुपदेशन म्हणजे दुःखी माणसासमोर बसून त्याचं शांतपणे ऐकून घेणं. मला वाटलं, चला, निदान दुःखी माणसं तरी भेटतील.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर अठराच्या अठरा पोरं ताडकन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, सर." मी म्हटलं, अरे बसा, मीसुद्धा तुमच्यातलाच. बसली बिचारी. पण जी गप्प झाली ती झालीच. मी येताना दिसलो की हसणं बंद, मोबाइल खिशात. कँटीनमध्ये तर कहरच. मी ज्या टेबलावर डबा ठेवीन, तिथली पोरं "बसा ना सर" म्हणत उठून जायची. आठ खुर्च्यांचं टेबल आणि मी एकटा. आदर हो, निव्वळ आदर.

घरी एकट्यानं जेवायची सवय झाली होती. खोटं कशाला बोलू, झाली नव्हती, पण करून घेतली होती. मात्र तीनशे माणसांच्या कलकलाटात एकट्यानं जेवणं मला जमेना. घास तोंडात नुसता फिरत राहायचा.

तिथल्या प्रार्थनाघराच्या दाराशी एक सागवानी पेटी आहे. वर फट, शेजारी कागदांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पोरं येता-जाता त्यात चिठ्ठ्या टाकायची. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाला पेटी म्हटल्यावर काय आठवणार? तक्रारपेटी! आणि तक्रारपेटी कधी कुणी उघडत नाही, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. आमच्या हापिसातल्या पेटीत चिमणीनं घरटं केलं होतं. म्हणून तर धीर झाला. एका दुपारी रिकामा डबा धुऊन परत येताना उभ्या उभ्या खरडलं:

"प्रति, माननीय संबंधित अधिकारी. विषय: दुपारच्या जेवणास सोबत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, अर्जदार कँटीनमध्ये दररोज एकटा जेवतो. तरी आठवड्यातून किमान एक दिवस समोर कोणीतरी बसेल अशी व्यवस्था व्हावी. व्यक्ती कोणतीही चालेल. आपला विश्वासू."

खाली सही ठोकली. माझी सही कुणाच्या बापाला वाचता आलेली नाही. कागद आत टाकला आणि खरं सांगतो, जरा हलकं वाटलं.

बुधवारी सकाळी तिथे सगळ्यांची एकत्र प्रार्थना असते. सक्ती नाही, पण मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. आपण गणपतीवाले, पण तिथे शांत वाटायचं. त्या बुधवारी साळवे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, ती पेटी हातात घेऊन पुढे आले. त्यांनी कुलूप उघडलं. मी बाकावर जरा खाली सरकलो.

ती प्रार्थनेची पेटी होती. ज्याला जे हवं ते त्यानं लिहायचं, पाळकांनी नाव न सांगता मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी मिळून देवाकडे मागायचं, असा तिथला रिवाज. कुणाच्या भावाचं ऑपरेशन होतं, कुणाला संख्याशास्त्राचा पेपर अवघड गेला होता. मग पाळकांनी तिसरा कागद उघडला. "प्रति, माननीय संबंधित अधिकारी," एवढं वाचून ते थांबले. त्यांनी वर छताकडे पाहिलं. "पत्ता बरोबर आहे," म्हणाले, आणि पुढचं वाचलं.

एक अक्षर गाळलं नाही गृहस्थानं. 'उपरोक्त'सुद्धा! तीनशे माना खाली गेल्या. या एकट्या जिवाला सोबत दे, अशी प्रार्थना सुरू झाली. मीही मान खाली घातली. मी मनात म्हणत होतो, देवा, तू कुणाचाही असशील, पण हा अर्ज तेवढा दप्तरी दाखल करून टाक.

बाहेर पडल्यावर एकच चर्चा, कोण असेल? मला वाटलं, आता आपण पकडले जाणार. छे! माझा कुणाला संशयच आला नाही. मुद्दाम गंमत म्हणून कुणीतरी सरकारी भाषेत लिहिलं असणार, असं ठरलं. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी तर म्हणाली, सरांना कशाला सोबत लागेल, ते मोठे आहेत. मग सगळ्यांना आठवली भारती.

भारती आमच्याच वर्गातली, उरणच्या बाजूच्या कोळ्यांची. हुशार, कमी बोलणारी. रोज आवारातल्या आंब्याखाली एकटीच डबा खायची. झालं! दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग डबे घेऊन आंब्याखाली. कुणी तिला श्रीखंड वाढतंय, कुणी गिटार वाजवतंय. एकानं केक आणला. तिचा वाढदिवस नव्हता. ती सांगत होती की चिठ्ठी माझी नाही, पण लाजते बिचारी असं म्हणून पोरं आणखी जवळ सरकत होती.

तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन तरातरा कँटीनमध्ये आली आणि थेट माझ्यासमोर बसली. सरांच्या टेबलाकडे कुणी फिरकणार नाही, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

"सर, हितं बसते. पन बोलनार नाय," ती म्हणाली. "आमच्या घरात अकरा मानसं हायेत. दिवसातून अर्धा तास मी येकटी असते, तो त्या झाडाखाली. त्यो पन घालवला कुनीतरी चिठ्ठी लिवून. तुमी हापिसात व्हता ना? सोधून काढा त्याला."

म्हणजे बघा, माझ्याच अर्जाची चौकशी माझ्याकडे आली! मी म्हटलं, बघतो. 'बघतो' म्हणून वर्ष काढता येतं, ते कसब अंगात मुरलेलं आहे. शिवाय एक सांगू? रोज समोर कुणीतरी बसत होतं. बोलत नव्हती, पण भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. एकदा तिनं न विचारता सुक्या जवळ्याची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात वाढली. त्या दिवशी मी घरी जाऊन टीव्ही लावलाच नाही. खरं सांगितलं तर ती झाडाखाली परत जाणार, हे मला कळत होतं. म्हणून मी गप्प बसलो. लबाडच म्हणायचं.

पुढच्या बुधवारी पाळकांनी देवाचे आभार मानले. आपली एक मुलगी एकटी पडली होती, तिला सोबत मिळाली, आणि ती सोबत कुणी दिली, तर आपल्या इथे शिकणाऱ्या या वडीलधाऱ्या सरांनी. टाळ्या! आम्हाला शिकवणाऱ्या देशमुख मॅडम मागे वळून म्हणाल्या, यालाच समुपदेशन म्हणतात. मला उभं केलं, दोन शब्द बोला म्हणाले. पलीकडच्या बाकावर भारती मान खाली घालून बसली होती. सगळे तिच्याकडे कीव करून बघत होते, आणि ती कीव खरं म्हणजे माझ्या वाट्याची होती.

"तो अर्ज माझा आहे," मी म्हणालो. "एकटा मी जेवतो. तिला एकटीला जेवायला आवडतं, तिला जेवू द्या."

एवढं बोलून मी खाली बसलो.

दुपारी कँटीनमध्ये गेलो. मनात आशा होती, आता तरी कुणी येईल. कसलं काय! सरांना ओशाळं वाटत असेल, त्यांना एकटं सोडा, असा विचार करून पोरं दोन टेबलं आणखी लांब बसली. मी डबा पुढ्यात ठेवून बघत बसलो. मग भारती आली. समोर बसली. झाडाखाली मुंग्या झाल्यात, एवढंच म्हणाली.

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागलो. नंदाचं आजारपण, तिची कपाटात तशीच असलेली चष्म्याची घरं, टीव्ही, बेंगळुरूचे रविवारचे फोन, दोन वर्षांचं साठलेलं सगळं. ती जेवत होती, ऐकत होती. घंटा झाली तेव्हा मी थांबलो आणि आम्ही वर्गात पळालो.

तास देशमुख मॅडमचा होता, विषय 'ऐकण्याचं कौशल्य'. सकाळच्या प्रकारानंतर मॅडमना वातावरण हलकं करायचं असावं. त्यांनी विचारलं, आज कुणी कुणाचं मनापासून ऐकून घेतलं का?

भारतीनं हात वर केला.

"मी. अर्धा तास," ती म्हणाली. "मॅडम, सरांना पाच मिनटं बाहेर सोडा. डबा तसाच भरलेला हाय त्यांचा."