चर्चमध्ये भेटलेल्या बाई

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. पुण्याहून नणंद आणि तिचे यजमान आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आले. अंबाबाई झाली, रंकाळा झाला. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या यजमानांना इंग्रजांच्या काळातलं दगडी चर्च बघायचं होतं. गळ्यात कॅमेरा अडकवून ते निघाले, आणि सासूबाईंनी सोबतीला मला धाडलं.

आत उंच लाकडी छत, रंगीत काचा. चपला कुठं काढायच्या, ते नणंद शोधत होती. पुढच्या बाकावर पांढऱ्या पातळातल्या एक बाई मान खाली घालून बसल्या होत्या. यजमानांनी नेमका त्यांचाच फोटो काढला. आवाजानं त्या वळल्या, मी ओळखलं आणि नणंदेच्या मागं सरकले.

मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले तेव्हा सबंध उन्हाळा याच बाईंनी मला त्यांच्या घरी बसवून शिकवलं होतं. त्यांच्या हातचं ऑम्लेट मी आमच्या घरी न सांगता खायची. सासरी यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि सासूबाईंचं सोवळं कडक.

बाई हसत उठल्या. नणंदेनं विचारलं, "तुझ्या ओळखीच्या का गं?"

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं. त्या यजमानांकडे वळल्या. भिंतीवरच्या पितळी पाट्या वाचून त्यांचा अर्थ सांगितला, काचांवर ऊन कुठून येतं ते दाखवलं. शेवटी अभिप्रायाची वही दोघांपुढे धरली. माझ्यापुढे धरली नाही.

आठ दिवसांनी भाजीचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेले. त्या सामान बांधत होत्या. बहिणीकडे कोडोलीला कायमच्या चालल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "नव्या घरात असं होतंय. चहा घेतीस न्हवं?" मग बी.ए.चा फॉर्म भरलास का, एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, ऑम्लेटसकट. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलू लागल्या. एवढ्याशा अबोल्याला भिऊन मी बाईंना ओळख दिली नव्हती.

हे सगळं मी कोडोलीला पत्रातून कळवलं. उत्तरात बाईंनी तिथल्या पावसाचं लिहिलं, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.